घाट चढणारी जुनी इंजिनं

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एक राज्य होतं, अर्धं समुद्रकाठी आणि अर्धं डोंगरावर. डोंगरावर धान्य फारसं पिकत नसे. ते खालून मालगाडीनं येई. घाट चढायला राज्याकडे दहा इंजिनं होती, आणि दहाही म्हातारी झाली होती.

एके दिवशी धान्याची गाडी भर चढावर दमली. थांबली, आणि मागे घसरू लागली. केरबा नावाच्या चालकानं सगळा जीव एकवटून ब्रेक आवळला. दरीच्या वळणाआधी चार हातांवर गाडी थांबली. इजा कुणालाच झाली नाही, पण केरबा खाली उतरला तो पायीच घरी गेला.

राजानं दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला, "सगळी इंजिनं मोडीत काढा. नवी मागवा."

नवी इंजिनं समुद्रापलीकडे बनत. तिथून निरोप आला, "दोन वर्षं लागतील." डोंगरावरच्या कोठारांत धान्य होतं पाच महिन्यांचं.

राजानं दरबार भरवला. तेव्हा कारखान्याची प्रमुख तान्हूबाई पुढे आली. तिचं आयुष्य इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं होतं.

"महाराज, मोडण्याआधी मला ती उघडून बघू द्या."

"त्यात बघायचं काय? चाळीस वर्षांची झालीत ती!"

"वय मला ठाऊक आहे, महाराज. झिजलंय काय, ते ठाऊक नाही. तुम्हालाही नाही."

राजाला हे बोलणं झोंबलं, पण पटलंही. त्यानं परवानगी दिली.

तान्हूबाईनं एकेक इंजिन सुटं केलं. प्रत्येक भागावर हातोडी मारून आवाज ऐकला. खणखणीत वाजला तो भाग ठेवला, बद्द वाजला तो बाजूला काढला. तीन इंजिनांच्या सांगाड्यालाच तडे गेले होते.

एक कारागीर म्हणाला, "बाई, वरून पत्रा ठोकून रंग दिला, तर कुणाला कळणारही नाही."

"घाटाला कळेल," ती म्हणाली, आणि ती तिन्ही इंजिनं तिनं स्वतः मोडीत काढली.

उरलेल्या सातांचे सांगाडे आणि चाकं भक्कम होती. बिघाड होता तो पोटात. वाफ गळत होती, ब्रेक झिजले होते. तिनं जास्त दाब सोसणारे नवे बॉयलर घडवले. पूर्वी ब्रेक फक्त इंजिनाला असे. आता एक दांडा ओढला की प्रत्येक डब्याला ब्रेक लागेल, अशी सोय तिनं केली.

पहिलं इंजिन तयार झालं तेव्हा डोंगरावर पंधरा दिवसांचं धान्य उरलं होतं. पण केरबा ते चालवायला तयार होईना.

"बाई, तुमच्या हातांवर माझा भरवसा आहे. माझ्यावरच नाही. तो चढ आला की मी गळपटेन."

तान्हूबाई रागावली नाही. म्हणाली, "मग त्याच चढावर गाडी मुद्दाम थांबवू. मी तुझ्याशेजारी उभी राहते."

धान्यानं भरलेली गाडी निघाली. तो चढ आला. केरबानं डोळे मिटून दांडा ओढला. गाडी थांबली. त्यानं मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. गाडी तसूभरही मागे सरकली नाही. मग त्यानं वाफ दिली. इंजिन एकदा हुंकारलं आणि चढू लागलं.

"थांबली की हो बाई! आणि निघालीसुद्धा!" केरबा ओरडला. तो एकाच वेळी हसत होता आणि रडत होता.

वरच्या गावातल्या बाया कित्येक दिवस हात आखडून दळत होत्या. गाडी दिसताच त्या रुळांकडे धावल्या. एका आजीनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तो बराच वेळ बाहेरच काढला नाही. त्या दिवशी घरोघरी पोटभर जेवण झालं.

पुढे सातही इंजिनं घाट चढू लागली. राजानं आपला हुकूम बदलला आणि नवी इंजिनं मागवली ती फक्त तीन. दोन वर्षांनी ती आली, तोवर डोंगरावर एकही कोठार रिकामं पडलं नव्हतं.

तात्पर्य : वस्तू जुनी झाली म्हणून टाकू नये आणि आपली आहे म्हणून जपू नये, आधी उघडून पाहावी, मग ठरवावं.