काळ्या दगडावरचा भोपळा

"दगडसुद्धा झिजतो, महाराज," एवढंच म्हसाजी पाथरवट बोलला आणि थेट कोठडीत जाऊन बसला.

"माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं सगळेच राजे म्हणतात. कातळगडचे अजिंक्यराजे ते खरोखर करत. देवडीशेजारी एक भलाथोरला काळा दगड होता. हुकूम सुटला की त्यावर रेघ कोरायची; रेघ आहे तोवर हुकूम आहे. पहिली रेघ पणजोबांची, अगदी वर: कातळगडची गादी आमच्या घराण्याची. त्यानंतर मान वर करून तिकडे बघायची कुणाला गरजच पडली नाही. महाराजांची दाढ दुखली म्हणून गावात गूळ बंद, त्याची रेघ. कोंबड्यानं झोपमोड केली म्हणून आरवायला बंदी, त्याचीही रेघ. कोंबड्यांना रेघा वाचता येत नव्हत्या, हा भाग वेगळा.

ती कोंबड्यांची रेघ मारतानाच म्हसाजी ते वाक्य बोलून बसला. महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"झिजतो काय? मग आता तुझ्या नावाची रेघ मार. ती झिजेपर्यंत आत बस!"

बिचाऱ्यानं आपल्याच हातानं रेघ मारली आणि आत गेला.

घरी त्याची एकुलती लेक होती, तान्ही नावाची. बापाला भाकरी द्यायला जाता-येता ती त्या दगडाकडे निरखून बघायची. एके दिवशी ती दरबारात उभी राहिली.

"महाराज, माझ्या बाला सोडा. तो दमेकरी आहे. कोठडीतल्या ओलीत त्याचा पावसाळा निघायचा नाही."

"रेघ गेली की सोडतो," महाराज मिशीवर हात फिरवत म्हणाले. "पण कुणी हात लावायचा नाही, लोखंड लावायचं नाही. रेघ आपली आपण गेली पाहिजे. कधी गेलीय अशी?"

"गेली असली तर?"

"तर तिच्याबरोबर तिचा हुकूमही गेला. हा माझा शब्द."

"मग दगडापाशी चला, महाराज. आणि एक शिडी मागवा."

सगळा दरबार दगडापाशी आला आणि महाराज स्वतः शिडीवर चढले. वर पाहतात तर काय, दगड सपाट!

"पणजोबांची रेघ कुठंय? कुणी चोरली?"

"चोर पुष्कळ आहेत," तान्ही खालून म्हणाली. "उन्हानं दगड भाजला, पावसानं भिजवला, शेवाळानं चाटला. उंबराच्या मुळीनं भेगेत पाचर मारली. मग कांद्यासारखा पापुद्रा सुटला आणि पडला. हात कुणाचा नाही, लोखंड तर नाहीच."

"पडला तो गेला कुठं?"

"हा काय, शिडीच्या पायाशी. त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली. त्या मातीत पहारेकऱ्याच्या बायकोनं भोपळा लावलाय."

पहारेकरी कावराबावरा झाला. "काल आपल्या ताटात होता ना, सरकार... तो ह्याच वेलाचा."

पणजोबांची सनद महाराजांनी भाजी करून खाल्ली होती, वर दोनदा मागूनही घेतली होती.

"आता तुम्हीच सांगा," तान्ही म्हणाली. "रेघेबरोबर हुकूम गेला म्हणाल, तर गादी गेली. मग ज्याला गादीच नाही, त्याच्या सांगण्यावरून माझा बा आत का बसेल? आणि रेघ गेली तरी हुकूम राहतो म्हणाल, तर आत्ता दिलेला शब्द मोडला. मग एकट्या माझ्या बाच्या रेघेला एवढा मान कशाला?"

महाराजांना वरही जाता येईना, खालीही येता येईना. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे हसले की शिडी धरायला चौघं धावले.

"सोडा रे म्हसाजीला! तो खरंच बोलला होता. पोरी, सगळ्या दरबारादेखत माझ्या हाती भोपळा दिलास. जा, या दगडाखालचं सगळं रान तुला इनाम. बोलव बापाला, इनामाची रेघ मारू दे."

"रेघ कशाला, महाराज?" तान्ही म्हणाली. "ती झिजून शेवटी माझ्याच रानात पडायची."

महाराज पुन्हा खो खो हसले, आणि खाली उतरल्या उतरल्या त्यांनी तोंड गोड करायला गुळाची ढेप मागवली.