सॉरी उठला नाही

त्या राज्यात शब्द माणसांकडे चाकरीला असत. ज्याला जे सांगायचे असे, त्याचा शब्द दुसऱ्याच्या दारी जाऊन ते सांगून येई.

'चुकलं' हा जुना चाकर. त्याची एकच अट होती: पाठवणाऱ्याने अनवाणी सोबत यायचे आणि काय चुकले ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे. कुणाला आवडणार! मग परमुलखातून सॉरी आला. हलका, चपळ, सदा हसतमुख. धक्का लागला, धाडा सॉरीला. नीट ऐकू आले नाही, सुटे नाहीत, पुढे जायला वाट हवी, शिंक आली, तरी सॉरीच. दिवसाला तीनशे दारे करून तो ताजातवाना राही. चुकलं वेशीपाशी ऊन खात बसू लागला.

एकदा हाडवैद्य सोनबाने सॉरीला यमू विणकरणीकडे पाठवले. तिचा मोडलेला हात सोनबाने बसवला होता आणि तो वाकडाच जुळला होता.

"सॉरी," दारातूनच म्हणून तो वळला.

"कशाबद्दल रे?" यमूने विचारले. "कुणाचा पाय लागला का?"

त्याने आत पाहिले. मागावर अर्धे लुगडे तसेच होते. यमू आडवे सूत ओवायचा धोटा उचलू पाहत होती, पण तिची बोटे मिटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हसऱ्या तोंडाची लाज वाटली.

तो परतला. "मालक, ती विचारते, कशाबद्दल?"

"तुला पाठवलं ना? मग झालं तर!" सोनबा खेकसला, पण त्याने नजर चुकवली.

सॉरीने वेस गाठली. "आजोबा, तुम्ही तरी जा."

"मी एकटा जात नाही, बाळा," चुकलं म्हणाला.

तेव्हा सॉरी यमूच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. बाजारात धक्के लागत होते, पण पाठवायला सॉरी नव्हता; माणसे नुसतीच तोंड उघडून उभी राहत होती. सॉरी सोनबामुळे अडून बसलाय, हे सगळ्यांना कळले. सोनबाला मान वर करून चालता येईना.

तिसऱ्या दिवशी तो चुकलंचा हात धरून अनवाणी आला.

"यमू, हाड सरकलेलं मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "जेवायचं बोलावणं होतं, म्हणून तशीच पट्टी बांधली. चुकलं माझं."

"मग?" यमू म्हणाली.

सोनबाची मान आणखी खाली गेली. शेवटी यमूने मागापाशी थोडे सरकून त्याला जागा करून दिली. सोनबा तिच्या वाकड्या हाताच्या बाजूला बसला आणि त्याने धोटा उचलला.

रस्त्यावरून कुणीतरी सॉरीला हाक मारली. तो उंबऱ्यावरून उठला नाही.