दारवानाचा जुना शब्द

त्या मुलखात घरांना भिंती होत्या, कड्याकुलपं होती, पण खरी राखण हवेची चाले. निरोप हवेतून येत. ज्या घरची हवा हवी, त्या घरच्या दारवानाला शब्द सांगावा लागे.

सुंद्राक्काचा दारवान उंच फळीवर बसे. दोन कान सदा ताठ, हिरवा डोळा मिणमिणता. निरोप आणणारा तिचा जासूद तळहाताएवढा, काचेच्या छातीचा. दूर देशी दिलेली तिची लेक सरू रोज दुपारी त्याच्या काचेत येऊन आईशी बोले.

दारवानाला शब्द ठरवून दिला होता सुंद्राक्काच्या मालकांनी, दगडूतात्यांनी. लग्नात त्यांनी तिचं नाव बदललं होतं. तशी तिथली रीतच होती. म्हातारपणी त्याची रुखरुख लागली असावी. शब्द ठरवताना त्यांनी तिचं माहेरचं नाव घातलं, केवडा, आणि पुढे लग्नाचं साल. तो शब्द उच्चारायला त्यांना इतकं आवडे की विचारील त्याला सांगून टाकत. सगळ्या आळीचे जासूद तिच्या घरची हवा पीत. पुढे तात्या गेले. त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नाही. जासूद तेवढा रोज दारात ते पुटपुटे.

मग जासूदाची काच तडकली आणि महिनाभर तो काच जोडणाऱ्याकडे राहिला. तेवढ्यात थोरल्या मुलाने शब्द बदलला. आळीला पाजून आपल्याला काही उरत नाही, असं त्याचं म्हणणं. नवा शब्द त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे लिहिला आणि तो परगावी गेला.

जासूद परतला तो नेमका सरूच्या गृहप्रवेशाच्या दिवशी. आई दिसल्याशिवाय नव्या घरात दूध उतू घालणार नाही, असं सरूने शेजारणीकडून कळवलं होतं. मुहूर्त दिवेलागणीपर्यंतचा.

जासूदाने दारात येताच सवयीने शब्द सांगितला. दारवानाने नकारार्थी मान हलवली. जासूद फळीच्या अगदी खाली जाऊन उभा राहिला, पुन्हा तेच. सुंद्राक्काने त्याला घटकाभर निजवून उठवलं. मग स्टुलावर चढून दारवानालाही निजवलं, उठवलं. उन्हं भिंतीवरून उतरत होती.

"मी तुला ओळखतो रे," दारवान हळूच म्हणाला, "पण हा शब्द आता या घरचा नाही."

सुंद्राक्का दिनदर्शिका घेऊन आली. पण ती नवं अक्षर वाचायच्या आतच जासूदाच्या तोंडून जुना शब्द निसटे. तीनदा असं झालं.

"त्याच्या तोंडात नव्याला जागाच नाही," दारवान म्हणाला. "त्याला हे घर विसरावं लागेल. वाट, फळी, शब्द, सगळंच. मग परका म्हणून येईल, तेव्हा मी विचारीन."

विसरणं जासूदाला अवघड नव्हतं, बोटाच्या एका स्पर्शाचं काम. पण आपण विसरलो की ते नाव या घरात कुणाच्याच तोंडी राहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने सुंद्राक्काकडे पाहिलं.

तिने त्याला ओंजळीत घेतलं. मग म्हणाली, "एकदा म्हण बाबा. सावकाश म्हण."

त्याने सावकाश म्हटलं.

"आता विसर. लेक चुलीपाशी खोळंबलीय."

तिने बोट ठेवलं. जासूद दारात उभा होता. समोर कुणी अनोळखी बाई, फळीवर कुणी अनोळखी दारवान. दारवानाने शब्द विचारला. बाईने एकेक अक्षर वाचलं, त्याने ते सांगितलं. त्याच्या कपाळावर तीन कमानी उजळल्या. बाई पदराने त्याची काच का पुसते आहे, हे त्याला उमगलं नाही. काच तर कोरडीच होती.

सरू काचेत आली. "आई, दिसतेयस गं," म्हणाली आणि हसत हसत रडली. दूध चढलं, काठावर थरथरलं, उतू गेलं. मग ती आईला घर दाखवत फिरू लागली. खिडकी, देव्हारा, कपाटाच्या वरची फळी. फळीवर एक नवा कोरा दारवान बसला होता आणि त्याच्या पायाशी सरूच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. त्यावर एक नाव होतं आणि एक साल.

जासूदाला त्यातलं काही ओळखीचं वाटलं नाही. त्याने ते जसंच्या तसं काचेवर धरलं.

सुंद्राक्काने त्याला डोळ्यांजवळ नेलं आणि आतल्या घरातून कुणी हाक मारल्यासारखी म्हणाली, "ओ."