पोपचं नाव किती वेळा घ्यायचं?

वसईतल्या एका चर्चच्या सभेत बावतीस वकील कडाडले, “पोप पाखंडी शिकवण देतोय, म्हणजे तो पोपच उरला नाही! मिस्सेच्या उपासनेत त्याच्यासाठी होणारी प्रार्थना बंद करा, नाहीतर आमची मिस्सा वेगळी!” अर्धी माणसं उठलीसुद्धा. फादर त्यांना बसायची विनंती करू लागले.

तेव्हा म्हाताऱ्या रेमेतमावशींनी विचारलं, “वकीलसाहेब, नऊ वर्षं तुम्ही चर्चची पायरी चढला नव्हतात. आम्ही रोजरीच्या प्रार्थनेतून तुमचं नाव गाळलं होतं का?”

“नाही. म्हणून तर परत आलो.”

“मग तो पोप आहे की नाही, ते देव बघेल. चुकला नसेल तर त्याचं नाव एकदा घेऊ. चुकला असेल तर दोनदा!”

रविवारी फादरांनी पोपचं नाव एकदाच घेतलं. दुसऱ्यांदा हळूच घेतलं, ते वकिलांनी.