न मुरलेले तंबोरे

राजे पालखीतून हिंडायचे आणि गावागावात एक तरी गाणारं घर असायचं, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात बसाप्पा नावाचा तंबोऱ्यांचा व्यापारी होता.

त्याच्या धंद्यात एक रीत होती. नवा तंबोरा लगेच विकायचा नाही. तारा चढवायच्या, रोज ताणायच्या, खुंट्या घट्ट बसू द्यायच्या. लोणच्यासारखा तो दुकानातच मुरू द्यायचा, मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. दरबारच्या गवयांसाठी बसाप्पा हे सगळं निगुतीनं करी.

पुढे राणीने मुलांसाठी गायनशाळा काढली आणि तंबोरे मागवले. बसाप्पाने ते न मुरवता कोरेच गाडीत भरले. "पोरंसोरं ती," तो म्हणाला, "त्यांना काय कळतंय?" आता काय म्हणावं या माणसाला.

शाळेत गुरुजी एकटेच. एकाचा तंबोरा जुळवून दुसऱ्याकडे वळेपर्यंत पहिल्याच्या खुंट्या सरकत आणि सूर खाली उतरे. मुलंही त्याच्या मागोमाग खाली उतरत. बसाप्पाच्या दुकानातला माल खोटा कसा असेल, असं म्हणत गुरुजी आपल्याच हाताला दोष देत राहिले.

बसाप्पाची नात रेवू त्याच शाळेत शिकत होती. पूर्वी ती गुणगुणली तरी शेजारणी हातातलं काम टाकून ऐकत. देवीच्या उत्सवात ती दरबारच्या मुरलेल्या तंबोऱ्यावर गायला बसली आणि पहिल्याच आलापात घसरली. लोक माना खाली घालून बसले. बसाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. "गुरुजी, माझ्या नातीचा गळा तुम्ही नासवलात."

गुरुजींनी रेवूचा तंबोरा त्याच्यापुढे ठेवला. बसाप्पाने तार छेडली. खुंटी सरकली, ते त्याला लगेच कळलं. हा तंबोरा त्यानेच कोरा पाठवला होता.

सगळे तंबोरे त्याने परत नेले, मनापासून मुरवले आणि शाळेत आणून दिले. मग रेवूला समोर बसवून त्याने स्वतः तारा छेडल्या. "आता गा, बाळ."

रेवूने ऐकलं आणि मान हलवली. "आजोबा, हा चुकीचा वाजतोय. आमचा सूर असा नाही."

बसाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबोरे आता मुरले होते, पण त्याआधीच खोटा सूर पोरीच्या गळ्यात मुरला होता.

म्हणून सांगतो, शिकणाऱ्याच्या हाती द्यायची वस्तू आधी नीट तयार करून द्यावी, कारण तिच्यातली चूकही तो खरी समजूनच शिकतो.