भांडण नेमकं कुठं आहे

“म्हणजे मी अजून कच्चा आहे, असं स्वामींचं म्हणणं?”

“असं मी म्हणालो?”

गदाधरानं आठवून पाहिलं. स्वामी खरंच तसं म्हणाले नव्हते. सभेला जाऊ का, असं त्यानं विचारलं होतं आणि ते नुसते बसून राहिले होते.

घाटाच्या पायथ्याशी मुकुंदस्वामींचा मठ होता. गदाधर तिथं तर्कशास्त्र शिकला. वादात त्याच्यापुढं कुणी टिकत नसे. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याचं उत्तर तयार. खाली किनाऱ्यावरच्या देवळात पंडितांची सभा भरणार होती आणि ती जिंकायचीच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. बोचकंसुद्धा बांधून झालं होतं.

तेवढ्यात अंगणात डोली टेकली. दौलू आणि त्याची बहीण येसू आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. भागाईच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. तिला पडवीत बसवायच्या आधीच भावंडांचं सुरू झालं.

“महाराज, घाटावरचा वैद्य पडदा काढतो,” येसू म्हणाली. “कितीजणांना दिसायला लागलंय. ह्याला सांगून थकले मी.”

“घाट बघितलाय का हिनं?” दौलू म्हणाला. “आईचं काळीज आधीच थकलंय. अर्ध्या वाटेत जायची ती.”

दिवाळीपासून दोघं हेच बोलत होती. दोघांचे आवाज बसले होते.

स्वामी गदाधराकडं वळले. “यांचं भांडण कुठं आहे?”

“वैद्याच्या हातगुणावर.” उत्तर तयारच होतं.

“विचार त्याला.”

“दौलू, वैद्य चांगला नाही, असंच ना तुझं?”

“मी कधी म्हणालो तसं? माझ्या मेव्हण्याचे डोळे त्यानंच उघडले.”

गदाधरानं ओठ आवळले. “मग घाटावर आहे. येसू, तुला घाट सोपा वाटतो.”

“सोपा कसला? गेल्या साली तिथं आमचा बैल गेला.”



“कळलं,” गदाधर म्हणाला. “आईवर खरी माया कुणाची, भांडण त्याचं आहे.”

“हे यांच्यातलं कोण म्हणालं?” स्वामींनी विचारलं.

“...कुणीच नाही.”

“मग ते भांडण तुझं आहे.”

गदाधराच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उठून जावंसं वाटलं. पण तो उठला नाही. दौलूच्या समोर, जमिनीवरच मांडी घालून बसला.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला. “पहिल्यापासून. मी मधे बोलणार नाही.”

दौलूनं सांगितलं. मग येसूनं. गदाधर ऐकत राहिला. उत्तर दोनदा जिभेवर आलं, दोनदा त्यानं ते गिळलं. वैद्य चांगला, हे दोघांना मान्य. घाट वाईट, हेही मान्य. आई दोघांची. मग राहिलं काय?

दोघांचं बोलणं त्यानं मनात पुन्हा एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं.

“एकच विचारतो,” तो हळू म्हणाला. “दोघांनीही हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं. डोळ्यांसाठी जीव धोक्यात घालावा का?”

“हो,” येसू म्हणाली.

“नाही,” दौलू म्हणाला.

आणि दोघं थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एकमेकांकडं नीट बघत राहिली. भांडायला पुढं काही सुचेना.

गदाधर स्वामींकडं वळला. “सापडलं. आता निवाडा द्यावा.”

स्वामींनी आपलं आसन उचललं, पडवीच्या टोकाशी नेलं आणि भागाईच्या समोर मांडलं. बसले. हात जोडले.

भागाईला ते दिसलं नाही. पण समोर कुणीतरी येऊन बसलंय, हे तिला कळलं. तिनं पदर सारखा केला.

“आई,” गदाधर म्हणाला. “तो प्रश्न... तुमचं काय म्हणणं?”

म्हातारीनं हाताची बोटं पुढं केली. शेंड्यांवर भाजल्याचे डाग होते, जुने आणि नवे.

“चुलीतला इस्तव कुठाय ते मी हातानं शोधते, बाबा,” ती म्हणाली. “जायचं. वाटेत मेले तर मेले. दौलू, तुझ्यावर बोल नाही.”

दौलूनं मान खाली घातली. येसू जिंकली होती, पण तिच्या तोंडावर तसं काही नव्हतं. तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला.

“जाऊ,” दौलू म्हणाला. “पण चढाला दुसरा गडी पाहिजे. येसूच्या खांद्यानं नाही निभायचं.”



गदाधरानं आपलं बोचकं कोनाड्यात सरकवलं. घाट चढून परत यायचं म्हणजे सभा हुकणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं स्वामींना काही विचारलं नाही. कंबर कसली, अंगणात उतरला आणि डोलीच्या पुढच्या दांड्याला हात घातला. दौलूपेक्षा तो चांगला वीतभर उंच होता.

“गदाधर,” स्वामींनी हाक मारली.

तो थबकला.

“डोली कलेल. चढावर उंच माणसानं मागं राहावं.”