हिनोसेची हरकत

हिनोसे हे जपानमधले लहानसे शहर. एक नदी, एक बांध, कागदी छत्र्यांची चार-दोन दुकाने, आणि उपकार केल्यासारखी थांबणारी आगगाडी. इथल्या नगरसभेत कुठलाही ठराव मांडला, की आधी एक वृद्ध उठून "हरकत आहे" म्हणतो. मग सगळे कमरेत वाकतात आणि कामाला लागतात. पाहुण्यांना हसू येते. तेव्हा बांध दाखवणारे मोरिवाकी आजोबा त्यांना बांधावर बसवून ही हकिगत सांगतात.

पूर्वी हा बांध दर पावसाळ्यात फुटायचा म्हणे. शेवटी पुजारी म्हणाला, नदीला बांधात पुरलेला एक जिवंत माणूस हवा. नदी स्वतः काही बोलली नव्हती. पण अशा वेळी तिचे म्हणणे कळणारे लोक हजर असतातच. सभा भरली. गावप्रमुखाने ओनुईचे नाव सुचवले. जिनपेइ छत्रीवाल्याची ही मुलगी. ठरलेले लग्न मोडलेली, म्हणजे गावाच्या मते शिल्लक राहिलेली.

"कुणाची हरकत?" प्रमुखाने विचारले.

जिनपेइच्या ओठांवर शब्द आला होता. पण स्वतःच्या माणसासाठी स्वतःच रदबदली करणे तिथे असभ्यपणाचे. ते काम शेजाऱ्याचे. भिंतीला भिंत लागून राहणारा कान्सुके आता बोलेल, या भरवशावर तो मान खाली घालून बसला. कान्सुकेच्या आजारी बायकोला ओनुईनेच महिनोन्‌महिने पेज भरवली होती. तो बोलणारच. पण कान्सुके गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. सगळ्यांचा चहा निवला. न बोलणे म्हणजे होकार, हा गावचा रिवाज. प्रमुखाने सभेचे आभार मानले.

बांधाकडे नेताना ओनुईने एवढेच विचारले, असे सांगतात:

"बाबा, तुम्ही सभेला होता ना?"

बांध टिकला. पुढच्या पुरात पाणी चढले आणि मुकाट्याने उतरले. गावाने उत्सव केला. त्याच दिवशी जिनपेइ कान्सुकेच्या दारात उभा राहिला.

"कान्सुकेसान, तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्ही मान खाली घालून बसला होता. वाटलं, मन घट्ट करून मुलगी दिलीत. अशा बापाला अडवणं म्हणजे त्याचा अपमान."

जिनपेइने वाकून नमस्कार केला. अशा वेळी दुसरे काय करायचे, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

तेव्हापासून तो प्रत्येक सभेत उठून हरकत घेऊ लागला. विहीर उपसायची, हरकत. देवळाचे छप्पर शाकारायचे, हरकत. सरदाराने धान्यातला आपला वाटा कमी केला, त्यालाही हरकत. लोक आधी चिडले, मग मान देऊन वाकू लागले. माणसाचे म्हणणे न ऐकण्याचा तो फार सभ्य मार्ग आहे. जिनपेइ वारल्यावर सभा सुनी वाटू लागली, म्हणून त्याचे वाक्य दुसऱ्या म्हाताऱ्याकडे सोपवले गेले.

आजही हा मान गावात फिरतो. गेल्या वर्षी बांध रुंद करायचे ठरले आणि त्यात मोरिवाकी आजोबांचे घर जाणार होते. त्या सभेत हरकतीचा मान त्यांनाच दिला गेला. आजोबा उठले आणि जीव तोडून म्हणाले, "हरकत आहे." सभा नेहमीपेक्षा जास्त खाली वाकली. इतकी सुरेख हरकत बऱ्याच वर्षांत ऐकली नाही, असे अध्यक्षांनी आवर्जून सांगितले आणि ठराव मंजूर झाला.